बुटीबोरीच्या चौकातून मिऱ्याच्या बंधाऱ्यापर्यंत

बुटीबोरीच्या चौकात नागपूरकडून आलेला रस्ता दुभंगतो. एक जाम, हिंगणघाट करत हैदराबादकडे जातो. दुसरा सेलडोह, केळझर, सेलूवरून वर्ध्याला. एमआयडीसीतल्या नोकरीत सव्वीस वर्षं काढली, तेवढ्यात वर्ध्याच्या त्या वळणावर किती वेळा वळलो असेन याची मोजदाद नाही. सासुरवाडी देवळीची, दर्शनाला कळंबचा चिंतामणी, दोन्ही त्याच रस्त्यावर. पण यवतमाळच्या पुढे हा रस्ता कुठे जाऊन संपतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

ते कळलं रत्नागिरीत. शहराच्या उत्तरेला मिऱ्या आहे. समोर समुद्र, काठाला लाटा थोपवणारा दगडी बंधारा. रिक्षातून उतरता उतरता मी सहज विचारलं, दादा, हा रस्ता कुठला? ते म्हणाले, "मिऱ्या-नागपूर." मला वाटलं माझं गाव ऐकून बोलले असतील. पण नाही, तिथे सगळे त्याला हेच म्हणतात. बुटीबोरीहून तुळजापूरपर्यंत ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, पुढे सोलापूर, आणि सोलापूरपासून सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट उतरून मिऱ्यापर्यंत १६६ क्रमांकाचा. कागदावर क्रमांक वेगळे, लोकांच्या तोंडी रस्ता एकच. आमच्या चौकातून वळलेला रस्ता थेट लाटांपाशी येऊन थांबतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं.

आपल्याकडच्या पुष्कळांनी समुद्र पाहिला तो यात्रेत. माझ्या आईने रामेश्वरला पाहिला, काकूने जगन्नाथपुरीला. तरुण पोरांनी मुंबईत जुहूला. स्वतःच्याच राज्यातल्या एखाद्या किनाऱ्यावरच्या गावी चार दिवस राहायचं, हे आपल्या घरांत फारसं घडत नाही. मी दोनदा गेलो, एकदा मे महिन्यात आणि एकदा फेब्रुवारीत. पहिल्या खेपेला चुका केल्या, दुसऱ्या खेपेला त्या टाळल्या. उमरेड, हिंगणघाट, वर्धा, बुटीबोरी इकडून कुणी रत्नागिरीला निघणार असेल, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी जायचं कसं ते. गाडीने या रस्त्याने अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दमात जाण्याचं नाव काढू नका. आम्ही पहिल्या दिवशी पहाटे निघून वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, नांदेड, लातूर करत तुळजापूरला मुक्काम केला. सकाळी भवानीचं दर्शन झालं, दुपारपर्यंत मिरज गाठली आणि रात्री कोल्हापूर. तिसऱ्या दिवशी घाट उजेडी उतरलो. असे दोन मुक्काम केले तर आई-वडिलांना त्रास होत नाही. शिवाय तुळजापूर, जरा वाकडी वाट केली तर पंढरपूर, आणि कोल्हापूरची अंबाबाई, एवढं एका प्रवासात पदरात पडतं.

दुसरी वाट समृद्धी महामार्गाची. तो आपल्या उशाशीच, शिवमडक्याला सुरू होतो आणि ७०१ किलोमीटरवर ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला संपतो. जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. तिथून पनवेल आणि मुंबई-गोवा महामार्ग धरून रत्नागिरी. किलोमीटर जास्त पडतात, वेळ बहुधा कमी लागतो. पण सरळसोट रस्त्यावर डोळा लागण्याचं भय फार आहे. टायर आणि त्यातली हवा तपासून घ्या, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा, आणि चालवणारे दोघं असतील तरच ही वाट धरा. मुंबई-गोवा रस्त्याचं काम बरीच वर्षं रेंगाळलेलं आहे, त्या भागासाठी हाताशी वेळ राखून ठेवा.

रेल्वेने जायचं तर गेली काही वर्षं नागपूर-मडगाव अशी विशेष गाडी वर्धा, अकोला, भुसावळ, कल्याण, पनवेल करत कोकणात जाते. ती मुदतवाढीवर चालते, म्हणून सुट्टी टाकण्याआधी ती चालू आहे की नाही ते पाहा. नाहीतर विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून कोकण रेल्वे. मला विचाराल तर म्हातारी माणसं सोबत असताना तिसरी वाट बरी: गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर किंवा वर्ध्याला पकडून सरळ कोल्हापूर, एक दिवस विश्रांती, आणि पुढे एसटीने चार तासांत रत्नागिरी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तर वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. आधार कार्ड हाताशी ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या पाहता पाहता भरतात. रत्नागिरी स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटर दूर आहे. रात्री उतरणार असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगून रिक्षाची सोय करून घ्या. शहरात मध्यवर्ती आणि रहाटाघर अशी दोन बसस्थानकं आहेत. आपली बस कुठून सुटते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

मी मात्र एकदा तरी रस्त्यानेच जा म्हणेन, आणि ते आंबा घाटासाठी. वर्ध्यापासून नांदेडपर्यंत आपली काळी माती साथ सोडत नाही. कापूस, सोयाबीन, तूर. सोलापूर, सांगोल्याकडे जमीन उघडीवाघडी होते. कोल्हापुरात ऊस. मलकापूर सोडलं की झाडी दाटते, घाट लागतो, आणि उतरताना एका वळणावर माती लाल झालेली दिसते. घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, कुंपणाचे गडगे जांभ्याचे, विहिरीही जांभ्यात खोदलेल्या. हा दगड तिथे चिरा म्हणून कापून काढतात. माझी बायको गाडीतून उतरली आणि तिने मूठभर लाल माती रुमालात बांधून घेतली. पुढे साखरपा, पाली, आणि हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग सोडला की रत्नागिरी. या पट्ट्यात रुंदीकरणाची कामं चालू असतात, म्हणून घाट अंधारात उतरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तर निघण्याआधी घाट उघडा आहे का याची चौकशी केल्याशिवाय कोल्हापूर सोडू नये. २०२१च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत इथला रस्ता खचला होता आणि वाहतूक बंद करावी लागली होती.

ऋतूचं गणित आपल्याकडच्या माणसाला हमखास चुकतं. आपण म्हणतो, नागपूरचा मे पंचेचाळीस अंशांचा, रत्नागिरीत पारा तेहतीस-चौतीस, म्हणजे थंड हवेत चाललो. तसं नाही. आपला उन्हाळा कोरडा, घाम आला की वाळतो. तिथे घाम वाळतच नाही. सासूबाईंनी पहिल्याच रात्री विचारलं, "यांच्याकडे कूलर नाही का जी?" तिथे कूलरचा उपयोग नसतो, कारण हवेतच इतकं पाणी असतं की ओल्या ताट्यांनी ती आणखी गार होत नाही. पंखा आणि उघडी खिडकी, नाहीतर एसी. मे महिन्यात म्हातारी माणसं न्यायची असतील तर एसीची खोली घ्या, तिथे पैसे वाचवू नका. सुती कपडे नेहमीपेक्षा दोन जोड जास्त ठेवा, कारण आपल्याकडे तासाभरात वाळणारा सदरा तिथे रात्रभर ओलसर राहतो. पावसाचं म्हणाल तर आपल्या नागपूरच्या साधारण तिप्पट पाऊस रत्नागिरीत पडतो. तरीही एप्रिल-मेमध्ये अनेक गावांत पाण्याची टंचाई असते. उतारावरून सगळं पाणी समुद्रात वाहून जातं. लॉजवर किंवा कुणाच्या घरी राहताना नळ जपून सोडा. जायला उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आंबा खायचा असेल तर एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य, उकाडा सोसण्याच्या तयारीने.

आता मुख्य गोष्ट. किनाऱ्यावरच्या गावात दिवस घड्याळावर आखायचा नसतो, भरती-ओहोटीवर आखायचा असतो. आपल्याला हे कुणी शिकवलेलं नाही. वेणा नदीला पूर येतो तेव्हा तो दिसतो, ऐकू येतो, वर पाऊस झालेला कळतो. समुद्र मात्र स्वच्छ उन्हात, वारा पडलेला असताना, दिवसातून दोनदा वर चढतो आणि दोनदा उतरतो. उतरत्या पाण्याला तिकडे सुकती म्हणतात. पाणी साधारण सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं, आणि ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणून काल संध्याकाळी जिथे पोरं क्रिकेट खेळत होती, तिथे तीन-चार दिवसांनी त्याच वेळेला कमरेइतकं पाणी असू शकतं.

कोळी-खलाशांचा जुना हिशेब सोपा आहे आणि भिंतीवरच्या पंचांगावर करता येतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन: दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे धरायचा. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर मिळते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग.

हे आधी ठाऊक असतं तर आमची गाडी पाण्यात गेली नसती. पहिली खेप बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला जोडून केली होती. संध्याकाळी पाचला शहराच्या उत्तरेकडच्या एका किनाऱ्यावर पोचलो. समोर हे एवढं विस्तीर्ण वाळवंट, ओलं, घट्ट, पक्क्या रस्त्यासारखं दिसणारं. भाच्याने गाडी खाली उतरवली, मीही अडवलं नाही. पौर्णिमेला पाचच्या सुमारास सुकती पूर्ण झालेली असते. म्हणजे आम्ही बरोबर पाणी फिरण्याच्या वेळी उतरलो होतो. सूर्य बुडाला, सगळ्यांनी फोटो काढले, आणि मागे वळून पाहतो तर मागची चाकं वाळूत रुतलेली आणि पाणी पाच-सात हातांवर. गाडी जितकी रेटावी तितकी खाली जात होती. सासूबाईंना आणि मुलींना वर पाठवून मी आणि भाचा हातांनी वाळू उपसत बसलो. वाडीतून चार पोरं धावत आली. एकाने फळ्या आणल्या, एकाने होडीचा दोर. चाकांतली हवा कमी करायला लावली, फळ्या घातल्या, आणि पाणी दाराला लागेपर्यंत गाडी बाहेर काढली. पैसे घेईनात. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "काका, परत येताना पाण्याला विचारून या." त्या वेळी माझे पाय थरथरत होते, उत्तर सुचलं नाही.

गाडी वाळूत नेऊ नका, ही झाली एक सूचना. नेली नसली तरी किनाऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीचा खालचा भाग घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खारा वारा लोखंड खातो. पण गाडीपेक्षा जीव मोठा. आपल्याकडची पोरं विहिरीत, नदीत, धरणात पोहलेली असतात आणि त्या भरवशावर समुद्रात शिरतात. नदीची धार एका दिशेने ओढते. समुद्रात लाट आत ढकलते आणि परतणारं पाणी पायाखालची वाळू घेऊन बाहेर ओढतं. हे परतणारं पाणी कधी एका पट्ट्यात गोळा होऊन वेगाने बाहेर जातं. गंमत अशी की तो पट्टा वरून शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधे सपाट, जरा गडद पाणी असतं. नवखा माणूस तीच जागा बरी समजून निवडतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दम संपेल. पाठीवर तरंगत राहा, हात वर करून हाक द्या, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या. गणपतीपुळ्याचा किनारा देवळाला लागून आहे, दर्शन झालं की पावलं आपोआप पाण्याकडे वळतात. तिथे बुडून माणसं गेलेली आहेत. आरे-वारेही तसाच. गुडघ्याच्या वर पाणी नको. जून ते सप्टेंबर पाण्यात पायच घालू नये. जेवल्यावर नको, प्यायल्यावर तर नकोच नको.

आता भटकंती. रत्नागिरी शहर दोन दिवस मागतं. लोक गणपतीपुळ्याला जाता जाता त्याला तासाभरात उरकतात, ते मला पटत नाही.

सकाळी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तो तीस वर्षं इथे राहिला. हा राजवाडा त्याच्यासाठी १९१०मध्ये बांधून झाला आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. उताराची छपरं, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, त्यांवरचं कोरीवकाम, आणि आत संग्रहालय. थिबाने आणलेली बुद्धमूर्तीही पाहायला मिळते. आम्ही बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो होतो. दीक्षाभूमीच्या गावाजवळून आलेल्या माणसाला या मूर्तीपुढे थोडा वेळ उभं राहावंसं वाटतं. सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्या हिशेबाने वार निवडा. जवळच थिबा पॉइंट आहे. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि खाडीच्या मुखाशी समुद्र एका नजरेत येतो.

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. २३ जुलै १८५६चा त्यांचा जन्म याच घरातला. घर साधं, कौलारू, थंड. पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर यांनी सावरकरांच्या सांगण्यावरून बांधलं, १९३१ साली, सगळ्या जातींना खुलं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, त्या काळातलं हे काम. एकाच गावात एका परक्या राजाची कैद आणि एका क्रांतिकारकाची स्थानबद्धता, दोन्ही पायी फिरून पाहता येतात. मुलांना इतिहासाच्या पुस्तकापेक्षा हे जास्त लक्षात राहील. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा मोठा सांगाडा आहे. माझी धाकटी तिथून हलेना.

संध्याकाळी रत्नदुर्ग. तिन्ही बाजूंनी पाणी, आत भगवतीचं देऊळ, बाहेरच्या टेकाडावर दीपगृह. सूर्यास्त इथून पाहा, पण घाई करू नका: रत्नागिरी आपल्यापासून पश्चिमेला बरीच दूर असल्यामुळे सूर्य नागपूरपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा मावळतो. मांडवीचा किनारा शहरातच आहे, तिथली वाळू काळसर. लोक त्याला काळा समुद्र म्हणतात, आणि मिऱ्याकडच्या बाजूला पांढरा समुद्र. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी अख्खं गाव वारा खायला येतं. दक्षिणेला पूल ओलांडला की भाट्याचा लांब किनारा, सुरूचं बन, आणि नारळ संशोधन केंद्र.

गणपतीपुळ्याला जाताना हमरस्ता सोडून आरे-वारेचा सागरी रस्ता धरा, पंचवीस किलोमीटरच आहे. वारेच्या चढावरून खाली दोन किनारे आणि मधली खाडी दिसते. गाडी कडेला नीट उभी करा आणि वरूनच पाहा. पुळ्याच्या गणपतीची प्रदक्षिणा सगळ्या डोंगराला घालावी लागते, वाट सुमारे एक किलोमीटर, सासूबाईंनी ती सकाळच्या गारव्यात पूर्ण केली. जवळच्या मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. ज्यांनी शाळेत त्यांच्या कविता पाठ केल्या त्यांनी ते चुकवू नये. दुसऱ्या दिशेला पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधिस्थान. तिथे मन शांत होतं. अंगारकीला आणि नाताळच्या आठवड्यात पुळ्याकडे फिरकू नका, रस्ता तुंबतो आणि खोल्यांचे भाव चढतात.

खाण्यापिण्याबद्दल दोन गोष्टी आधीच सांगतो. सावजीच्या तर्रीची सवय असलेल्या जिभेला कोकणी कालवण पहिल्या घासाला सौम्य लागतं. तिसऱ्या घासाला त्यातलं नारळाचं वाटण, कोकमाचं आंबट आणि तिरफळाचा वास कळू लागतो. वरून तिखट मागू नका. खाणावळीत शिरल्यावर यादी बाजूला ठेवा आणि "आज ताजं काय आहे?" एवढंच विचारा. स्वस्तातला बांगडा ताजा असेल तर तो शिळ्या पापलेटला मागे टाकतो. सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो, म्हणून ताट मागवण्याआधी किंमत विचारून घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली असते. मिरकरवाडा बंदरात सकाळी बोटी लागतात तेव्हा जाऊन या: लिलावाचा गलका, माशांच्या पाट्या, बर्फाचे ढिगारे. पण ते कष्टकऱ्यांचं कामाचं ठिकाण आहे. मधे उभे राहू नका, विचारल्याशिवाय कुणाचे फोटो काढू नका. शाकाहारी माणसाचीही आबाळ होत नाही. घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, डाळिंबीची उसळ, आणि मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ओल्या काजूची उसळ. ती आपल्याकडे मिळणं शक्य नाही. पोळीचा आग्रह मात्र धरू नका, तांदळाची भाकरी खा.

आता आंबा. आपण नागपुरी संत्र्यांची करंडी भेट नेतो, येताना हापूसची पेटी आणतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात रत्नागिरी जिल्हा आहे. पण रस्त्यावर परराज्यातला आंबाही हापूस म्हणून विकला जातो. शक्य तर बागेवर जाऊन घ्या. पिकलेला आंबा साडेनऊशे किलोमीटर टिकत नाही. बागायतदाराला सांगा, लांब न्यायचा आहे, कच्चा द्या. तो पेंढ्यात भरून देतो. घरी आल्यावर पेटी उघडून आंबे पेंढ्यातच एका थरात मांडा, अंधाऱ्या कोपऱ्यात; आठ-दहा दिवसांत वास घरभर होतो. पेटी बंद गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. आमची पहिली पेटी सोलापूरच्या उन्हात तशीच वाफाळली आणि निम्मे आंबे आतून खराब निघाले. मार्चमध्ये भाव डोळे पांढरे करणारा असतो, मेच्या मध्याला पुष्कळ उतरतो. आंबे नको असतील तर आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी घ्या. ती वाटेत बिघडत नाहीत.

दुसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, मी त्या वाडीत पुन्हा गेलो. सोबत संत्री होती. थोरला पोरगा बोटीवर गेला होता, त्याची आई भेटली. तिने पेल्यातून कोकम सरबत दिलं, संत्री पदरात घेतली आणि विचारलं, किती दिवस आहात? मी म्हटलं, चार. मग तिने भिंतीवरचं पंचांग पाहून मला चारही दिवसांच्या भरतीच्या वेळा सांगितल्या. त्या मी पाठीमागच्या खिशातल्या वहीत लिहून घेतल्या आणि प्रत्येक संध्याकाळ तिच्या हिशेबाने आखली.

तुम्हीही तसंच करा. खोलीची चावी हातात घेताना लॉजवाल्याला, रिक्षात बसताना रिक्षावाल्याला, नाहीतर किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या पहिल्या माणसाला एवढं विचारा: आज भरती कधी? आणि त्याचं उत्तर ऐकल्याशिवाय पोरांना पाण्यात सोडू नका.